इमरतीचं कॅल्शियम

मला कोणी काहीही विचारलं की मी 'हो' म्हणतो. लोक याला गोड स्वभाव म्हणतात, पण तो घाबरटपणा आहे. 'नाही' म्हटलं की समोरचा 'का?' विचारतो आणि मग बोलावं लागतं. 'हो' म्हटलं की माणूस खूश होऊन निघून जातो. नववीत गणिताच्या सरांनी चिडून विचारलं, "शाळा सोडायचीय का तुला?" मी हो म्हणालो. (सर नंतर समजूत घालायला घरी आले होते. "परत येतोस का?" असं विचारलं असतं तर मी हो म्हणून परत गेलोही असतो. पण ते विचारून बसले, "आता येणार नाहीस ना?")

या सवयीचा आयुष्यात एकदाच फायदा झाला. देवासला भार्गवीच्या घरी तिच्या आईनं विचारलं, "मुलगी पसंत आहे ना?" आणि माझं 'हो' पहिल्यांदाच मनापासून आलं. बाकी सगळी नुकसानीत गेलेली 'हो' आहेत. त्यांपैकीच एक कोंबड्यांचं.

आमच्या फ्रीगंजमध्ये टावर चौकाजवळ चादरींचं दुकान आहे, तिथे मी काम करतो. छापलेला माल आणायला मला भैरवगढला जावं लागतं. तिथले यूसुफचाचा आमच्या दुकानासाठी छपाई करतात. मागच्या दिवाळीनंतर ते मुलीकडे रतलामला राहायला निघाले होते. ठसे बांधता बांधता त्यांनी विचारलं, "विहंग भाई, ये तीन मुर्गियाँ रख लोगे?"

(विहंग म्हणजे पक्षी. हे नाव ठेवताना वडिलांच्या डोळ्यांसमोर गरुड वगैरे काही असावं.)

मी म्हणालो, "हाँ जी."

स्कूटरवर पुढे चादरींचा गठ्ठा आणि मागे कोंबड्यांची टोपली बांधून मी घरी आलो. भार्गवी आता काय काय बोलेल, याची वाटभर उजळणी करत होतो. तिनं टोपलीत डोकावून पाहिलं आणि जमिनीवर बसकण मारली. "किती शहाण्या आहेत रे," ती म्हणाली. ती नर्सरीत शिकवते. दिवसभर ती पोरं सांभाळल्यावर तिला कोणीही शहाणंच वाटतं.

तिनं नावं ठेवली इमरती, बालूशाही आणि मठरी. आमच्या घरात अंडं शिजत नाही, त्यामुळे कोंबडीकडे बघून आम्हाला फक्त फराळाचं आठवतं. रोजची अंडी मी डब्यातून दुकानात नेतो आणि तिथल्या शिंप्याला देतो.

कोंबड्यांचं फार काही करावं लागत नाही, असं चाचांनी सांगितलं होतं. सकाळी उठून खुराडं उघडायचं, खालचा भुसा बदलायचा, परळात ताजं पाणी भरायचं. ते पाणी त्या लगेच पाय घालून घाण करतात, मग पुन्हा भरायचं. मग बाजरी, तांदळाच्या कण्या, मेथी-पालकाच्या काड्या. दुपारी त्यांना मातीत लोळायचं असतं, तीच त्यांची अंघोळ. संध्याकाळी मांजर यायच्या आत मोजून आत घ्यायच्या. तीनच आहेत, तरी मला दोनदा मोजाव्या लागतात, कारण त्या उभ्या राहत नाहीत. भार्गवी शाळेतून आली की पर्स न ठेवता आधी गच्चीवर जाते. मी दिवसभर कसा होतो, हे ती नंतर विचारते.

अडचण होती ती अंघोळीची.

आम्ही वरच्या खोल्यांत राहतो आणि खाली घरमालकीण अक्का. अक्का एकट्याच असतात, मुलगा बंगळूरला आहे. गच्चीवर त्यांच्या शेवंतीच्या कुंड्या आहेत. पूजेची फुलं त्या त्यातूनच नेतात. कुंडीतली माती मऊ, खत घातलेली, रोज पाणी दिलेली. इमरतीनं अंघोळीसाठी तीच निवडली. अंघोळ झाल्यावर भूक लागते, म्हणून तिनं शेवंतीच्या कळ्या खाल्ल्या.

अक्का कमरेवर हात ठेवून कुंडीसमोर उभ्या राहिल्या. कुंडीत इमरती एक पंख पसरून डोळे मिटून पडली होती.

"विहंग, ही फुलं कोणाची?"

"तुमची, अक्का."

"माझी नाहीत. गणपतीची. पोळीवरचं तूप काढून मी या कुंड्यांत पैसे घातलेत बाबा. रविवारपर्यंत तुझी ही मुर्गीमंडळी इथून हलली पाहिजेत. समजलं?"

"हो."

भार्गवीला सांगितलं. ती बालूशाहीला मांडीवर घेऊन बसली आणि तिच्या पिसांवरून हात फिरवत राहिली. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

त्यातच इमरतीनं एक अंडं दिलं. त्याला कवचच नव्हतं, नुसता पापुद्रा. शिंपी ते तळहातावर हलवत म्हणाला, "विहंग भिया, ये अंडा है कि गुब्बारा?" मी यूसुफचाचांना फोन लावला. ते म्हणाले, "चूना कम पड़ रहा है. कैल्शियम की गोली पीसकर दाने में दे दो."

शुक्रवारी संध्याकाळी मी मेडिकलवर गेलो. दुकान प्रभाकरकाकांचं. ते अक्कांच्या माहेरचे, लांबचे भाऊ लागतात. आणि काकांचा आवाज असा आहे, की त्यांनी खोकल्याचं औषध काढून दिलं तर समोरच्या कचोरीवाल्यालाही कळतं की तुम्हाला खोकला झालाय. माझ्यामागे बायकांची रांग होती.

"काय पाहिजे रे?"

"कॅल्शियमच्या गोळ्या."

"कोणाला? तुला?"

मी मान आडवी हलवली. कोंबडीला, असं म्हणायला मी तोंड उघडलं. मागच्या बायकांपैकी एक कोणीतरी हसली. (माझ्यावर नाही, फोनवर. ते मला नंतर कळलं.) माझं तोंड पुन्हा मिटलं.

"घरी पाहिजेत," मी म्हणालो.

काकांनी चष्मा वर सरकवला. त्यांचा चेहरा हळूहळू उजळायला लागला. काय होतंय ते मला स्वच्छ दिसत होतं, पण भरलेला ट्रक उतारावरून येताना दिसला तरी कुठे थांबवता येतो?

"भार्गवीसाठी?"

"हो."

"अरे वा. कितवा महिना?"

"तीन," मी म्हणालो. कोंबड्या तीन होत्या, डोक्यात दुसरा आकडाच नव्हता.

काकांनी माझे पैसे घेतले नाहीत. मागच्या बायकांनी मला वाट करून दिली.

रविवार उजाडला. आम्ही दोघं कोंबड्यांकडे बघत बसलो होतो. कोणाच्या तरी अंगणात त्यांची सोय होईल का, याचा विचार चालला होता. तेवढ्यात जिन्यावर अक्कांची पावलं वाजली. भार्गवीनं माझा हात घट्ट धरला.

अक्का वर आल्या. हातात स्टीलचा मोठा डबा. तो भार्गवीच्या मांडीवर ठेवून त्या म्हणाल्या, "डिंकाचे लाडू आहेत. रोज एक खायचा. जिना सावकाश उतर गं. आणि त्या कोंबड्या राहू देत. या दिवसांत मन रमलं पाहिजे बाईचं."

"कुठल्या दिवसांत?" भार्गवीनं विचारलं.

अक्का लाजून हसल्या आणि खाली गेल्या. भार्गवी माझ्याकडे वळली. मी खुराड्याची कडी तपासत होतो.

"विहंग."

"हो."

"तू कुठे काय हो म्हणालास?"

मी सगळं सांगितलं. ती आधी इतकी हसली, की मठरी घाबरून पाण्याच्या टाकीवर चढली. मग एकदम थांबली.

"अक्कांना खरं सांगितलं तर?"

"कोंबड्या जातील."

"आणि नाही सांगितलं तर सहा महिन्यांनी काय दाखवायचं? बालूशाहीला दुपट्यात गुंडाळून नेऊ?"

मी कडीच तपासत राहिलो. ती म्हणाली, "हो तू म्हणालास, आता नाहीही तूच म्हण. मी मध्ये पडणार नाही. आणि खोटं बोलून मिळालेला लाडू मी खाणार नाही."

मी खरं सांगायला खाली गेलो. येताना आवळ्याचं लोणचं घेऊन आलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो, तेव्हा साजूक तुपाची बरणी मिळाली. अक्का दार उघडतानाच विचारायच्या, "लाडू खाते ना ती?" आणि मी काय म्हणणार?

लाडू टाकवतही नव्हते. भार्गवी ते चुरून दाण्यात मिसळायची. खारीक, खोबरं, खसखस, डिंक. आठवडाभरात इमरतीच्या पिसांवर चमक आली. अंडं असं टणक, की शिंपी म्हणाला, फोडायला कात्रीची मूठ लागते.

पुढच्या रविवारी अंगणात रिक्षा थांबली आणि सासूबाई उतरल्या. हातात नारळ, खण, ओटीचे तांदूळ, खारकेची पिशवी. त्यांना फोन अक्कांनी केला होता; अक्काही दारात येऊन उभ्या राहिल्या.

"पोटच्या पोरीची बातमी मला अक्कांकडून कळावी का, विहंगराव?" त्या म्हणाल्या. डोळे भरलेले होते. "मी फोनवर विचारणारच होते. मग म्हटलं, समोर जाऊन जवळ घ्यावं."

भार्गवी जिन्याच्या वरच्या पायरीवर उभी होती. तिनं माझ्याकडे नुसतं पाहिलं. त्या पाहण्यात कोंबड्या होत्या, तिची आई होती आणि आमचं पुढचं सगळं आयुष्य होतं.

"अक्का," मी म्हणालो, "नाही."

"काय नाही?"

"भार्गवीला नाही. इमरतीला."

"इमरतीला काय?"

"कॅल्शियम."

सासूबाईंनी अक्कांकडे पाहिलं. "इमरती कोण?"

"कोंबडी," अक्का म्हणाल्या. मग मला म्हणाल्या, "आणि तीन महिने?"

"तीन कोंबड्या."

सासूबाई नारळासकट ओट्यावर बसल्या. "मी इंदूरला नणंदेला सांगितलं. शेजारच्या गुप्ताइनला पेढे दिले. दोन वेळा दिले."

भार्गवी खाली येऊन आईजवळ बसली आणि तिच्या कानात काहीतरी बोलली. सासूबाईंचा पदर तोंडाकडे गेला. त्या रडताहेत असं मला वाटलं. खांदे हलायला लागल्यावर कळलं, की हसताहेत.

अक्का मात्र हसत नव्हत्या.

"माझे लाडू कोणी खाल्ले?"

मी वर बोट दाखवलं. अक्का जिना चढायला लागल्या, मी मागे. आज कोंबड्या आणि बिऱ्हाड दोन्ही हलणार, हे मी मनाशी धरून चाललो होतो. गच्चीवर इमरती उन्हात उभी होती. अक्कांना पाहिल्याबरोबर ती धावत आली आणि त्यांच्या रिकाम्या हाताकडे मान वाकडी करून बघत राहिली.

अक्कांनी तिला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"अंगानं भरलीय," त्या म्हणाल्या.

"लाडवांनी," मी म्हणालो. "अंडंही आता टणक येतं."

"सगळे खाल्ले?"

"हो. परात चाटून."

अक्का खुराड्याशेजारी टेकल्या. मग म्हणाल्या, "बंगळूरला दर थंडीत डबा पाठवायचे. आता तो म्हणतो, शुगर आहे, नको पाठवूस. सून म्हणते, डब्याला मुंग्या लागतात." त्यांनी इमरतीपुढे हात धरला. तिनं बोटांवर चोच मारून पाहिली. "हिला कळतं बाई खाण्यातलं. पुढच्या वेळी खसखस वाढवते."

"म्हणजे कोंबड्या राहू देत?"

"कोंबड्यांचं काही नाही. कुंड्यांना जाळी लाव. आणि तू," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तू माझ्यासमोर आठ दिवस यायचं नाहीस."

"हो," मी म्हणालो.

ओटीचे तांदूळ सासूबाई परत नेईनात. ते मठरी आणि बालूशाहीनं संपवले. अक्कांनी प्रभाकरकाकांना खरं काय ते सांगितलं, म्हणजेच फ्रीगंजला कळलं. मेडिकलसमोरचा कचोरीवाला मला अजून मुर्गीवाले भैया म्हणतो.

हे सगळं गेल्या हिवाळ्यातलं. यंदा पावसाळा संपता संपता भार्गवीनं मला गच्चीवर बोलावलं आणि एक बातमी सांगितली. या वेळी खरी. मी इतका खूश झालो, की कोंबड्या मोजायच्या राहिल्या. डॉक्टरबाईंनी चिठ्ठीवर कॅल्शियमच्या गोळ्या लिहून दिल्या. भार्गवी म्हणाली, "या वेळी काकांना नीट सांग. मोठ्यानं."

मेडिकलवर गर्दी होती. मी वाटभर वाक्य पाठ करत गेलो होतो. माझा नंबर आला.

"कॅल्शियमच्या गोळ्या," मी मोठ्यानं म्हणालो. आणि खिशातून चिठ्ठी काढायच्या आत काका त्याहून मोठ्यानं म्हणाले, "कोंबड्यांसाठी ना रे?"

रांगेतले सगळे हसले. समोरून कचोरीवाल्यानंही हात वर केला.

मी हो म्हणालो.

काका मायेचा माणूस. त्यांनी गोळ्या खलबत्त्यात बारीक कुटल्या, पुडी बांधली आणि वर पेनानं लिहिलं, 'दाण्यात मिसळून'.

भार्गवीनं पुडी उलटसुलट करून वाचली आणि स्वयंपाकघरात गेली. त्या संध्याकाळी गच्चीवर तूप लावलेल्या गरम पोळ्यांचा कुस्करा गेला. माझ्या ताटात भिजवलेल्या कण्या होत्या, बाजूला मेथीच्या काड्या.

"पुरेल ना?" तिनं विचारलं.

मी म्हणालो, "हो."