एकदाच विचारणारे आठल्येकाका

आठल्येकाकांच्या घरी चहा हवा असेल तर पहिल्याच फटक्यात 'हो' म्हणावं लागतं. हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं.

दुबईत अल मनखूलमधल्या या बिल्डिंगमध्ये आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. समोरच्या दारावर मराठी पाटी दिसली म्हणून मी आणि माझी बायको स्मिता संध्याकाळी ओळख करून घ्यायला गेलो. दार उघडणारे गृहस्थ उंच, किडकिडीत आणि घरातसुद्धा शर्ट खोचून उभे होते. आम्ही बसलो. त्यांनी विचारलं, "चहा घेणार?"

"छे छे, नको," मी म्हणालो. "उगाच कशाला त्रास?"

"बरं," असं म्हणून ते समोरच्या खुर्चीत बसले आणि बिल्डिंगच्या पार्किंगबद्दल बोलू लागले.

मी वाट बघत राहिलो. आपल्याकडे चहाची खरी बोलणी पहिल्या 'नको'नंतर सुरू होतात. पहिलं 'नको' शिष्टाचाराचं, दुसरं सवयीचं, आणि मग 'बरं, अर्धा कप चालेल.' इथे दुसरा प्रश्नच येईना. स्वयंपाकघरातून आल्याचा वास मात्र येत होता. थोड्या वेळाने मंगलकाकू बाहेर आल्या, आमचे रिकामे हात बघून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं.

"तुम्ही विचारलं नाहीत?"

"विचारलं. नको म्हणाले."

काकूंनी कपाळाला हात लावला. "राग मानू नका हं," त्या आम्हाला म्हणाल्या. "हे अमेरिकेत होते ना."

"अच्छा! किती वर्षं?"

"चार महिने."

त्या चार महिन्यांना काका 'आमचं सेमिस्टर' म्हणतात. तरुणपणी पुण्याच्या मॅनेजमेंट कॉलेजातून एक्स्चेंज स्टुडंट म्हणून त्यांची निवड झाली होती. मक्याच्या शेतांमधलं कुठलंसं छोटं गाव, तिथलं एक कॉलेज. त्यानंतर माणसाने नोकऱ्या केल्या, लग्न केलं, दुबईला येऊन सिलिकॉन ओएसिसमधल्या कंपनीत अकाउंट्सचा मॅनेजर झाला, केस पांढरे केले. पण बोलायला तोंड उघडलं की 'आमच्या सेमिस्टरला' हेच शब्द आधी बाहेर पडतात. काकू म्हणतात, "चार महिन्यांसाठी गेले होते. अजून परत यायचेत."

ऑगस्टमध्ये आपण पार्किंगपासून लिफ्टपर्यंत चालताना घामाने निथळत असावं आणि शेजारून काकांनी म्हणावं, "गरमी काय घेऊन बसलात रेगे, आमच्या सेमिस्टरला बर्फ बघितलाय मी. कमरेएवढा!" त्या वेळचा जाडजूड लोकरी कोट त्यांनी अजून जपून ठेवलाय. वर्षातून एकदा तो बाल्कनीच्या कठड्यावर उन्हात पसरला जातो. आमच्या केरळी वॉचमनने पहिल्यांदा खालून तो बघितला आणि धावत वर आला. त्याला वाटलं, बाल्कनीत कुणीतरी चक्कर येऊन पडलंय.

दुसरं म्हणजे काका हात वर करून बोलतात. तिकडे वर्गात बोलण्याला मार्क असायचे म्हणे. एकदा आमच्याकडे पूजा होती. गुरुजी शारजाहून आले होते, त्यांना पुढे आणखी दोन पूजा करायच्या होत्या. ऐन संकल्पाच्या वेळी काकांनी हात वर केला. गुरुजी दचकून थांबले.

"गुरुजी, एक क्वेश्चन. यातल्या कुठल्या स्टेप्स मँडेटरी आणि कुठल्या ऑप्शनल?"

"यजमानांना घाई आहे का?" गुरुजींनी विचारलं.

"नाही नाही, अकॅडेमिक इंटरेस्ट."

कार्यक्रम संपला की ते प्रत्येकाला निकाल सांगतात. "स्मिता, तुझं पार्टिसिपेशन आज एक्सलंट. रेगे, तुम्ही जरा कमी पडलात." लिफ्ट बंद पडली की सगळे वॉचमनला शिव्या घालतात. काका त्याच्यासमोर उभे राहून अरबी-हिंदी मिसळून शांतपणे विचारतात, "यल्ला हबीबी, प्रॉब्लेम स्टेटमेंट क्या है?" वॉचमन सांगतो, "साब, लिफ्ट बंद है." "करेक्ट," काका म्हणतात आणि जिना चढू लागतात.

हे सगळं आम्ही हसून खपवून घ्यायचो. पण गणपतीत त्यांच्या हातात मोदकांचं ताट देण्याची चूक माझी. आमच्या हॉलमध्ये पंगत बसली होती. फुजैराच्या पोर्टवर फिटरचं काम करणारा सावंत खास मोदकांसाठी डोंगर ओलांडून आला होता. काका पंगतीतून फिरले. "मोदक?" माणसाने रीतीप्रमाणे पानावर हात आडवा धरला, "नको नको, बास" म्हटलं, की काका पुढे. सगळी पंगत फिरून ते भरलेलं ताट घेऊन स्वयंपाकघरात परत आले. "कुणालाच नकोयत," त्यांनी स्मिताला सांगितलं. "डिमांडच नाही."

बाहेर सावंत रडकुंडीला आला होता. "ओ काका, ते पहिलं नको होतं!"

"पहिलं म्हणजे? यस ऑर नो?"

"यस हो, यस! तीन वाढा!"

"मग असं बोलायचं ना आधी," काका म्हणाले. "अमेरिकेत आग्रह नसतो. एकदा विचारतात. नाही म्हटलं, खलास."

तर अशा माणसाला जेव्हा कळलं की आमच्या मुलीची, इराची, अमेरिकेला निवड झालीय, तेव्हा काय झालं असेल बघा. इरा इथल्याच कॉलेजात बिझनेस शिकते. दुसऱ्या वर्षाच्या मुलांमधून काहींना एक सेमिस्टर तिकडे पाठवतात, त्यात तिचं नाव लागलं. काकांना तर आपलीच दुसऱ्यांदा निवड झाल्यासारखं वाटलं. रोज संध्याकाळी ते आमच्या सोफ्यावर येऊन तिची शिकवणी घेऊ लागले.

"इरा, वर्गात पहिल्या दिवशी हात वर करायचा."

"ओके, काका."

"आणि कुणी काही ऑफर केलं तर लगेच यस म्हणायचं. दुसऱ्यांदा कुणी विचारणार नाही."

"काका, आय नो. आय ग्रू अप इन दुबई. हाफ माय टीचर्स आर अमेरिकन."

"नो नो, धिस इज डिफरंट," काका म्हणायचे. त्यांच्या आवाजात तेव्हा जरा जास्तच काळजी असायची, पण आम्हाला ती त्यांच्या नेहमीच्या नाटकातलीच वाटली.

ऑगस्टमध्ये इरा गेली. पहिले काही आठवडे फोटोंचा पाऊस पडला. कॉलेजची हिरवळ, खारी, होस्टेलची खोली, रूममेट एमिली. मग फोटो कमी झाले आणि फोन आखूड झाले. "कशी आहेस?" "फाइन." "जेवलीस?" "येस, मम्मा." स्मिता म्हणायची, पोरीचा आवाज बरा नाही. मी म्हणायचो, फाइन म्हणतेय ना, मग झालं. बापांना असली उत्तरं फार आवडतात.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी संध्याकाळी, म्हणजे तिकडच्या सकाळी, व्हिडिओ कॉलवर ती एकदम रडायलाच लागली.

"आय वॉन्ट टु कम होम, बाबा. प्लीज."

तिच्या ग्रुपमधली मुलं तिला न सांगता मीटिंगा ठरवत होती. जेवायला ती एकटीच बसत होती. "नोबडी इज मीन," ती म्हणाली. "दे जस्ट डोन्ट नोटिस मी." थँक्सगिव्हिंगची, म्हणजे तिकडे घरोघरी एकत्र जेवायच्या सणाची, सुट्टी तोंडावर आली होती, होस्टेल रिकामं होणार होतं. एमिलीने आपल्या घरी बोलावलं होतं, पण ती कीव येऊन विचारतेय असं वाटून इराने 'नो, आय'म गुड' असं सांगून टाकलं होतं. त्यानंतर एमिलीने विषय काढला नाही. आता इराला कायमचं परत यायचं होतं. अर्ध्यात सोडलं तर अख्खं सेमिस्टर बुडणार होतं, वर्गातल्या मुलांच्या ती मागे पडणार होती. त्याहून वाईट म्हणजे, आपल्याला जमलं नाही हे घेऊन ती परत येणार होती. पण पोटची पोर समोर रडत असताना हे बोलणार कोण? स्मिताने तिकिटं बघायला लॅपटॉप उघडलासुद्धा.

तेवढ्यात बेल वाजली. दर रविवारी इराची खबर घ्यायला येतात तसे आठल्येकाका आणि मंगलकाकू आले होते. स्मिताने माझ्याकडे अशी नजर टाकली की यांना आत्ताच्या आत्ता परत पाठव. पण काकांनी स्क्रीनवरचा इराचा चेहरा बघितला होता. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि बसले.

"प्रॉब्लेम स्टेटमेंट सांग, बेटा."

इरा रडता रडता हसली, मग पुन्हा रडली आणि तिने सगळं सांगितलं. मी मनातल्या मनात 'आमच्या सेमिस्टरला'ची वाट बघत होतो. पण ते आलंच नाही. चष्मा काढून त्यांनी मांडीवर ठेवला.

"मलापण बोलावलं होतं," ते म्हणाले. "थँक्सगिव्हिंगला. प्रोफेसरांनी क्लासच्या बाहेर थांबवलं आणि म्हणाले, घरी जेवायला ये. मी म्हटलं, नो सर, प्लीज डोन्ट ट्रबल. मला वाटलं, आता ते म्हणतील, अरे ये रे. आपल्याकडे म्हणतात ना? ते म्हणाले, ओके. आणि गेले."

दाराशी उभ्या असलेल्या मंगलकाकू पुढे येऊन त्यांच्याकडे बघू लागल्या.

"होस्टेलला मी एकटा. मेस बंद. मशीनमधली बिस्किटं खायची आणि खिडकीत बसायचं. त्या दिवशी दुपारी राहवलं नाही. कोट घातला आणि चालत निघालो. सरांचं घर माहीत होतं. समोरच्या फुटपाथवर जाऊन उभा राहिलो. पडदे उघडे होते, आतलं सगळं दिसत होतं. घरातली माणसं टेबलाशी बसली होती. एक खुर्ची मोकळी होती, आणि तिच्यासमोर प्लेट मांडलेली."

"फॉर यू?" इराने विचारलं.

"काय माहीत. दुसऱ्या कुणाची असेल. कुणी यायचं राहिलं असेल." काका थांबले. "जाऊन बेल वाजवली असती तर कळलं असतं. नाही वाजवली. बर्फात उभा राहिलो आणि परत आलो. नंतर सगळ्यांना सांगत सुटलो, अमेरिकेत आग्रह नसतो म्हणून. काहीतरी सांगायला पाहिजे ना."

इतकी वर्षं ज्या सेमिस्टरवर आम्ही हसलो, त्यात हा एवढासा मुलगा एका खिडकीसमोर उभा होता आणि आमच्यापैकी कुणाला पत्ता नव्हता. मला त्यांच्याकडे बघवेना.

"मग मी काय करू, काका?" इराने विचारलं. चक्क मराठीत.

"मी कसं सांगू? मी त्याच पेपरला नापास झालोय," काका म्हणाले. "घरी यावंसं वाटलं तर ये. आम्ही सगळे एअरपोर्टवर येऊ. तुला कुणी काही बोलणार नाही, इन्शाल्ला मीसुद्धा नाही."

फोन माझ्या हातात देऊन ते उठले आणि चष्मा न घालताच समोरच्या दारातून आत गेले. काकू त्यांच्या पाठोपाठ गेल्या. इरा म्हणाली, आय'ल कॉल यू लेटर. स्मिताने लॅपटॉप मिटला, पण तो दूर काही ठेवला नाही.

पुढचे काही दिवस इराचे दोन-दोन शब्दांचे मेसेज येत राहिले. तिकिटाचा विषय तिने काढला नाही, आम्हीही काढला नाही. काका लिफ्टमध्ये भेटले तरी तिच्याबद्दल विचारायचे नाहीत. नुसते माझ्या तोंडाकडे बघायचे, आणि मी मान हलवायचो.

शुक्रवारी सकाळी उठलो तर फोटो आला होता. एक लांबलचक टेबल, दाटीवाटीने बसलेली माणसं, मधोमध एमिली आणि कुणाची तरी आजी. दोघींच्या मध्ये आमची इरा, तोंडात घास, गाल फुगलेले. खाली तिने इंग्रजीत लिहिलं होतं, त्याचा अर्थ असा: 'मी एमिलीला विचारलं, मी अजूनही येऊ शकते का. ती म्हणाली, अगं, तू नाही म्हणालीस तरी आईने तुला जेवायला आधीच धरलं होतं. बाबा, तिकीट नको. परीक्षा देऊनच येते. काकांना दाखवा.'

मी पायजम्यावरच समोरच्या घरात गेलो. काका ऑफिसला निघायच्या तयारीत, शर्ट खोचून, बूट चढवत बसले होते. मी फोन त्यांच्या हातात दिला. त्यांनी आधी फोटो बघितला आणि मोठ्याने हसले. मग खालचा मेसेज वाचला. पुन्हा वाचला. दुसरा बूट हातातच राहिला.

"आधीच धरलं होतं," ते स्वतःशीच म्हणाले. "नाही म्हणाली तरी."

"काय झालं हो?" काकूंनी आतून विचारलं.

काकांचे डोळे भरून आले होते आणि माझेही. काकू बाहेर आल्या तेव्हा काकांनी फोन त्यांच्यापुढे धरला.

"मंगल," ते म्हणाले, "ती खुर्ची माझीच होती गं."

"होतीच मुळी," काकू म्हणाल्या, आणि ओले हात ओढणीला पुसत त्यांच्या शेजारी येऊन बसल्या.