कुसुमकाकू घरं बघतात

समस्त वाचकांस अत्यंत गांभीर्यपूर्वक कळविण्यात येते, की इंग्लंडातल्या एका तीनशे वर्षं जुन्या हवेलीतलं चोवीस माणसांचं जेवणाचं टेबल आमच्या कुसुमकाकूंनी नापास केलं आहे. निकाल अंतिम असून त्यावर अपील नाही. त्या देशाला अद्याप याची कल्पना नाही. मीही आजवर त्याला लेखी कळवलं नव्हतं, पण असली गोष्ट माणसानं पोटात किती दिवस ठेवायची?

"वरून नुसता पापुद्रा चिकटवला आहे गा प्रकाश," काकूंनी मला मोबाइलच्या पडद्यावरून सांगितलं. "आतून लाकूड हलकं. मी ठोकून पाह्यलं ना."

काकू आमच्या समोरच्या दारातल्या. नागपूरच्या लकडगंजात त्यांच्या यजमानांचा टाल होता, लाकडाची वखार. चाळीस वर्षं त्या टालाच्या गल्ल्यामागे बसल्या, ट्रकमधून उतरणारे ओंडके बघत. त्यामुळे त्यांना माणसापेक्षा लाकूड लवकर कळतं. कुणाच्याही घरी गेल्या की आधी दाराच्या चौकटीवर मधल्या बोटाचं पेर ठोकायचं, कान लावायचा, मग "कसे आहा" विचारायचं. आमच्या लग्नात सासऱ्यांनी दिलेला सोफा त्यांनी असाच ठोकला आणि म्हणाल्या, "सुनीताच्या बापाले फसवलं कोणीतरी." सुनीताचे वडील त्या वेळी त्याच सोफ्यावर बसलेले होते. त्यानंतर ते आमच्याकडे आले की खुर्ची घेतात.

यजमान गेले, टाल विकला, आणि एकुलता एक मुलगा नितीन काकूंना इंग्लंडला घेऊन गेला. फ्लॅटची किल्ली आमच्याकडे आली. दर रविवारी, आमची दुपारची जेवणं आटोपली की काकूंचा फोन यायचा. तिकडे सकाळ. नितीन आणि सून आठवडाभर कामावर, रविवारी झोपलेले. काकू स्वयंपाकघरात मोबाइल पोळ्यांच्या डब्याला टेकवून बसत, त्यामुळे आम्हाला बहुतेक वेळा त्यांची हनुवटी आणि छत दिसे.

आईनं दिवसभर घरात बसू नये म्हणून नितीननं तिला एक पास काढून दिला. त्या देशात जुनी घरं जपून ठेवतात. घरधनी कधीच वारलेले असतात, पण त्यांचा चष्मा, चहाची किटली, पलंगावरची चादर, सगळं जिथल्या तिथं. लोक तिकीट काढून येतात आणि हात पाठीमागे बांधून बघतात. पास असला की वर्षभर कुठल्याही घरात कितीही वेळा जा. नितीनच्या घरापासून बसनं वीस मिनिटांवर अशी एक हवेली होती.

कोणाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नाही, ही काकूंची शिस्त. पहिल्याच दिवशी त्यांनी नागपूरहून नेलेल्या संत्राबर्फीचा डबा बरोबर घेतला. दाराबाहेर चपला काढल्या. फेब्रुवारी होता. तिकिटावरच्या मुलीला वाटलं बाईंच्या पायाला काही दुखापत झाली आहे, तिनं चाकाची खुर्ची आणली. काकूंनी खुर्चीच्या दांड्यावर ठोकून पाहिलं, लोखंड निघालं, तशी परत पाठवली.

आत टेबलाभोवती दोर बांधलेला होता. काकू दोराखालून वाकून गेल्या. एका सुटाबुटातल्या म्हाताऱ्यानं "नो टच, मॅडम, प्लीज" म्हटलं. काकूंनी त्याला आपली पात्रता सांगितली, "माय हजबंड, वुड. फॉर्टी इयर्स, वुड." काकूंचे यजमान चाळीस वर्षं लाकडी होते हे ऐकून तो गृहस्थ इतका हळहळला, की त्यानं टेबल ठोकू दिलं.

इथवर ठीक होतं. खरी गडबड खुर्च्यांवरच्या बायकांनी केली.

त्या हवेलीत प्रत्येक खोलीच्या कोपऱ्यात एकेक पिकल्या केसांची बाई खुर्चीवर बसलेली असते. आल्यागेल्याकडे बघून हसायचं, कोणी विचारलं तर माहिती सांगायची, एवढंच काम. काकूंना ते कोणी सांगितलं नव्हतं. त्यांनी आपल्या अनुभवानुसार अंदाज बांधला: या घरच्या लेकीसुना.

"सुनीता, ऐक वं," त्या रविवारी काकू म्हणाल्या. "भल्लं मोठं घर, अन् बाया पाहा तर एक इकडं, एक तिकडं. एकमेकीशी बोलून नाही राहिल्या. जेवणघरातली झोपायच्या खोलीत येत नाही, झोपायच्या खोलीतली खाली उतरत नाही."

"काहून?" सुनीतानं विचारलं. माझी बायको पुण्याची. पण काकूंशी बोलताना तिचीही गाडी आपोआप आमच्या रुळावर येते.

"हिस्सेवाटणी," काकू म्हणाल्या. "दुसरं काय. मोठी सून अन् नणंद. मले तर पाह्यल्याबरोबर समजलं."

लकडगंजात काकूंनी तीन घरच्या वाटण्या सामोपचारानं मिटवल्या होत्या. इंग्रजांची मिटवायला किती वेळ? पुढच्या शनिवारी त्या पुन्हा गेल्या. झोपायच्या खोलीतल्या बाईंचा हात धरला, त्यांना जिन्यानं खाली आणलं आणि जेवणघरातल्या बाईंच्या शेजारी बसवलं. मध्ये चिवड्याचा डबा ठेवला. "यू ईट. शी ईट. फिनिश." त्याच्या पुढच्या शनिवारी परत तेच. इंग्रज माणूस शिष्टाचारात अडकलेला. काकूंना नाही कसं म्हणायचं हे त्या दोघींना कळेना. त्यातून चिवडा आवडलेला.

अखेर हवेलीच्या कार्यालयातून नितीनला अतिशय अदबीचा फोन आला. आपल्या मातोश्रींबद्दल आम्हांस नितांत आदर आहे, परंतु त्या दर आठवड्याला आमच्या शयनगृहातील बाईंना खाली नेऊन बसवतात, त्यामुळे शयनगृह बेवारस राहते.

नितीननं आईला समजावलं. या घरच्या कोणी नाहीत, आई. बाहेरच्या आहेत. आपल्या खुशीनं येतात, पगार घेत नाहीत. काकू आम्हाला फोन करून अर्धा तास हसल्या.

"फुकट बसतात गा प्रकाश. सोताचं घर सोडून मेलेल्या माणसाच्या घरात. अन् आल्यागेल्याले म्हणतात, या. बिनकामाच्या बाया."

आम्हीही हसलो. तो किस्सा मी बर्डीच्या चहाच्या टपरीपासून आमच्या ऑफिसच्या पिकनिकपर्यंत सगळीकडे साभिनय सांगितला, आणि प्रत्येक वेळी टाळी घेतली. त्यानंतर काकूंनी त्या घराचा विषय काढणं बंद केलं. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "पाहून झालं सगळं."

दोन वर्षं अशी गेल्यावर नितीनचा मला फोन आला. "दादा, आई आता इथं रुळली. फ्लॅट बंद पडून आहे. गिऱ्हाईक बघता का?" मला ते पटलं. उमरेडचे मोटघरे म्हणून एक भले गृहस्थ होते, मुलीच्या शिक्षणासाठी नागपुरात घर शोधत होते. त्यांना फ्लॅट आवडला. काकूंना विचारलं तर एवढंच म्हणाल्या, "नितीन म्हणते तर विकू. पोराले दोन घराची चिंता काहून द्यायची?" कागदांवर सही करायला डिसेंबरात येते म्हणाल्या.

आल्या त्या एकट्या नाही. बरोबर एक उंच, सडपातळ, सत्तरीच्या इंग्रज बाई. झोपायच्या खोलीतली नणंद. नाव मार्गारेट, आधी शाळेच्या ग्रंथालयात होत्या.

गोऱ्या पाहुणीच्या मानार्थ आमच्या इमारतीत त्या आठवड्यात जिन्याला रंग सोडून सगळं झालं. मार्गारेटबाई काकूंच्या घरात मात्र अवघडून उभ्या. हात पाठीमागे, कपाटापासून दोन फूट लांब. देवघरापाशी तर त्या श्वास रोखून थांबल्या. काकू त्यांना खांदे धरून खाली बसवत होत्या आणि त्या पुन्हा उठत होत्या.

रविवारी सकाळी मोटघरे कागद घेऊन येणार होते. काकू पहाटेपासून सुनीतासमोर उत्तराची तालीम करत होत्या. "घर कधी खाली करता, असं विचारतीन ते. मी म्हणीन, संक्रांतीनंतर. बरोबर ना?" तीनदा म्हणून पाहिलं. तिसऱ्यांदा आवाज जरा बसला, तो त्यांनी थंडीवर ढकलला.

आठ वाजता काकूंनी दार उघडलं. आमच्याकडे दार उघडं म्हणजे घर चालू. खालच्या ढोबळेबाई मेथीच्या दोन जुड्या घेऊन आल्या आणि काकूंच्याच दिवाणावर बसून निवडू लागल्या. वरचे निवृत्त पोस्टमास्तर पेपर वाचायला आले. पेपर त्यांचाच, पण ऊन काकूंच्या गॅलरीत चांगलं. त्यांच्या मागे त्यांची बायको, ते इथं आहेत का बघायला, आणि मग तीही बसली. इस्त्रीवाला कपडे द्यायला आमच्याकडे आला होता, तो काकूंचा आवाज ऐकून आत शिरला. मी आणि सुनीता तर होतोच. एवढ्यात मोटघरे आले, तर त्यांना बसायला जागा राहिली नव्हती. पोस्टमास्तर सरकले.

मार्गारेटबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या राहून मोजत होत्या. त्यांनी मला हळूच विचारलं, या सगळ्यांना बाईंनी किती वाजता बोलावलं होतं?

मी काकूंना सांगितलं. काकूंना प्रश्नच कळेना. "बोलावलं? कोणाले?"

मी तसं भाषांतर केलं. मार्गारेटबाईंनी पुन्हा एकदा माणसं मोजली. मग म्हणाल्या, आता मला समजलं, तुमच्या काकू गुरुवारी तसं का वागतात.

"कुठल्या गुरुवारी?" मी.

त्यांनी पर्समधून मोबाइल काढून आम्हाला एक फोटो दाखवला. हवेलीतली कुठलीशी खोली. कोपऱ्यात खुर्ची. खुर्चीवर कुसुमकाकू, हिरवं नऊवारी, वरून नितीनचा जाड स्वेटर, छातीवर नावाचा बिल्ला. दोन्ही हात पुढे करून त्या कॅमेऱ्याला आत बोलावत होत्या.

गेलं दीड वर्ष, मार्गारेटबाई म्हणाल्या. दर गुरुवारी. आम्ही पाहुण्यांना खोलीचा इतिहास सांगतो. या त्यांना विचारतात, जेवलात का. तक्रार एकाचीही आलेली नाही.

मी भाषांतर करता करता थांबलो. ढोबळेबाईंच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली. टपरीपासून पिकनिकपर्यंत मी घेतलेल्या सगळ्या टाळ्या मला एकदम आठवल्या.

"काकू," सुनीता म्हणाली, "सांगितलं काहून नाही?"

काकू पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "काय सांगू वं. नितीनले वाटलं असतं, आईले घरी करमत नाही. तो बिचारा सकाळी सातले जाते, सून त्याच्याही आधी. त्यांचा काय दोष. दोन वर्षांत आमच्या दाराची घंटी फक्त पार्सलवाल्यानं वाजवली. तो बी ठेवून पळून जाते. मी दार उघडेपर्यंत त्याची गाडी कोपऱ्यावर." त्या मार्गारेटबाईंकडे बघून ओशाळं हसल्या. "इचं बी तसंच. म्हणून तर आणली इले. तिथं खुर्चीवर बसलं की लोक आत येतात गा. मी म्हणते, या, बसा. बसत कोणी नाही. पण येतात."

 इस्त्रीवाल्यानं उगाच एका शर्टाची घडी पुन्हा घातली. सुनीता चहा घेऊन आली, तेव्हा मार्गारेटबाईंनी ट्रेमधला एक कप उचलला, ढोबळेबाईंच्या शेजारी दिवाणावर बसल्या आणि मेथीची एक काडी हातात घेऊन तिचं काय करायचं असतं ते बघू लागल्या.

मोटघऱ्यांची परिस्थिती अवघड झाली होती. मांडीवर कागद, हातात बशी. भला माणूस, बशीतला चहा फुंकत बसला. पण उमरेडच्या बसची वेळ होत आली होती. शेवटी घसा खाकरून त्यांनी अगदी मऊ आवाजात विचारलं, "मग काकू, घर कधी खाली करता?"

काकूंनी सुनीताकडे पाहिलं. ओठ हलले. संक्रांतीचा 'सं' मला चक्क दिसला. मग त्यांची नजर दिवाणावरून, गॅलरीतून, दारात उभ्या असलेल्या इस्त्रीवाल्यावरून फिरून मोटघऱ्यांच्या बशीवर आली, आणि त्या बोलून गेल्या,

"भाऊ, तुम्ही चहा प्या, अन् घर दुसरं पाहा."