मुलुंडच्या तीन तक्त्यांची मोहीम

छपाईयंत्राच्या कागदास दोन्ही कडांस भोके असतात. त्यांतले एक दात्यावरून निसटले की सबंध ओळ तिरकी जाते. ऐशा बारीक गोष्टींपासोन मोठ्या मोहिमा उद्भवतात, म्हणोन घडले तैसे लिहिले असे.

शके एकोणीसशे दहा, मौजे मुलुंड येथे राजश्री सहदेवराव परब यांचे वधूवर सूचक मंडळाची कचेरी होती. रविवारच्या मेळाव्यास मुलींची यादी काढण्याचा हुकूम जाला आणि संगणकविद्येत वाकबगार नलिनीबाई मोहिमेवर रुजू जाल्या. मुली, पत्ते व पत्रिका ऐसे तीन तक्ते यंत्रात निरनिराळे राहात होते, ते एक करणे होते. सहदेवरावांची कन्या मालन हिने यंदा आपली नोंद आपणच करोन ठेविली होती, सबब नाव उमटलेले पाहण्यास ती जातीने हजर होती.

पहिल्या चढाईत बाईंनी तिन्ही तक्ते मैदानी आणिले, परंतु कोणती ओळ कोणत्या ओळीस जोडावी ही अट लिहिणे राहिले. मग यंत्राने एकेक मुलगी सर्वांच्या पत्त्यावर, सर्वांच्या पत्रिकेनिशी धाडिली. विमला घाटकोपरी गेली, आणि बोरीवलीस गेली, आणि मग मानखुर्दासही पोहोचली, आणि कागद टेबलावरून उतरोन दारापावेतो चालला.

"वाट लागली ना गं! बंद कर!" मालन ओरडली.

दुसऱ्या चढाईत नोंदणी क्रमांकाने तिन्ही तक्ते जोडिले. यादी नेमकी आली आणि मालन गारद जाली. तिन्ही तक्त्यांत ज्याची ओळ नाही त्यास यंत्र मोजीत नाही, आणि मालनची पत्रिकाच नव्हती, कारण जन्मसमयी कोणी घड्याळ पाहिले नव्हते. पत्रिकेवाचून स्थळे पाहावी की कसे, हा फैसला सहदेवराव 'बघू, बघू' म्हणोन वर्षानुवर्षे लांबवीत आले होते.

"अप्पा, मला यंत्राने गाळलं की तुम्ही?"

सहदेवरावांनी कागदाच्या कडेची भोके मोजावयास घेतली.

तिसऱ्या चढाईत बाईंनी ऐसी तजवीज केली की मुलींचा तक्ता संपूर्ण यावा आणि पत्रिका नसेल तेथे रकाना कोरा राहावा. मालनचे नाव पत्त्यासह उमटले, पुढे कोरी जागा. येणेप्रमाणे तिन्ही तक्ते बिनचूक जोडिले जाऊन फत्ते जाली, ती येथे नमूद केली असे. उरला तो फैसला.

"काका, कोरं ठेवू की नाव काढू?" बाईंनी अर्ज केला.

सहदेवरावांनी चष्मा उतरविला, पुसला, चढविला, आणि मग लेकीकडे पाहोन मालवणीत हुकूम फर्माविला, "कोरा तर कोरा. चेडवाचा नाव ऱ्हवांदे."