किनाऱ्यावरचा डाग

डाग मला दाखवा आणि निर्धास्त घरी जा, असं मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो. शाई असो, गंज असो, कुणाच्या कॉलरवरची संशयास्पद लाली असो, माझ्या लाँड्रीतून डाग कधी परत गेलेला नाही. बायकोचं चित्र विकलं जाणार होतं त्या दिवशीही माझा हा आत्मविश्वास जागेवर होता. नको तिथे होता, एवढंच.

बायको जलरंगात चित्रं काढते. वर्षानुवर्षं काढते आणि आजवर एकही विकलं गेलेलं नाही. नातेवाईक तर फुकट न्यायलाही कां-कूं करतात. हे चित्र समुद्रकिनाऱ्याचं. समुद्र जांभळा, आकाश विटकरी, वाळू चक्क हिरवी. "दिसलं तसं नाही, वाटलं तसं काढलंय. याला एक्स्प्रेशनिस्ट म्हणतात," ती म्हणाली. मी मान डोलावली. संसार असाच टिकतो.

तिने 'विकणे आहे' म्हणून फोटो टाकला आणि एका दातांच्या डॉक्टरबाईंनी दवाखान्यात लावायला चित्र पसंत केलं. चित्र बघायला त्या स्वतः येणार होत्या. "हेही गेलं नाही तर ब्रश माळ्यावर," बायकोने जाहीर केलं. गमतीने नाही.

सकाळपासून मला एका जागी बसवेना. खुर्च्या हलवल्या, परत होत्या तिथे ठेवल्या. चित्र टेबलावर उजेडात ठेवलं आणि तो दिसला! हिरव्या वाळूवर करडा डाग, चांगला बोटभर. गिऱ्हाईक दारात आणि मालावर डाग! बायको आत तयार होत होती. म्हटलं, तिला कळायच्या आत उरकू.

डाग घासायचा नसतो, बाहेरून आत टिपत जायचा असतो. ओला कापूस घेतला, टिपलं, वरून कोरडा कागद दाबला. डाग साफ.

"अहो," आतून आवाज आला, "तो माणूस नीट दिसेल असं ठेवा."

"कुठला माणूस?"

"वाळूवर उभा आहे तो. बाईंनी फोनवर खास त्याचंच विचारलं होतं. अख्खं चित्र त्याच्या जिवावर आहे."

मी हातातल्या कापसाकडे पाहिलं. माणूस त्यात होता.

जन्मभर डाग काढले, पाडायची वेळ पहिल्यांदाच आली. कपात उरलेल्या कॉफीत चमच्याचं टोक बुडवून वाळूवर माणूस उभा करायला गेलो, तर म्हैस बसली. ती टिपली. पुढच्या वेळी जे उमटलं, त्याला पाय जरा जास्तच होते. तेही टिपलं. आता वाळू माझ्या दुकानाच्या जाहिरातीसारखी लख्ख दिसू लागली, आणि बेल वाजली.

बाई चष्मा लावून चित्रावर वाकल्या. शेजारी बायकोचा चेहरा पांढराफटक पडला. तिने माझ्याकडे पाहिलं. मी कापूस खिशात कोंबला.

"फोटोत इथे कुणीतरी होतं ना?" बाईंनी विचारलं.

"होतं," मी घसा खाकरला. "मला तो डाग वाटला. मी काढला."

बाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला आणि पुन्हा वाळूवर वाकल्या. मी मनातल्या मनात माळ्याला शिडी लावली.

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "तोच खटकत होता, म्हणून तर फोनवर विचारलं. नुसता मध्येमध्ये उभा. माझे पेशंट आधीच घाबरलेले असतात. आता कसं मोकळं वाटतंय. द्या बांधून."

बाई चित्र घेऊन गेल्या. बायको दाराशीच हसत उभी राहिली, लग्नाच्या फोटोतही ती इतकी हसलेली नाही. तिचा मूड बघून मी धीर केला.

"पण तो होता तरी कोण?"

"तुम्ही," ती टेबलावर नवा कागद पसरत म्हणाली. "पण बाईंचं खरं आहे हो. मोकळं वाटतंय."