आणखी काय देऊ?

"विद्यार्थ्यांचा उद्योग क्लब काढायचा आहे. जबाबदारी कोण घेईल?" मुख्याध्यापिका चारुशीला मॅडमनी विचारलं आणि अकोटच्या त्या शाळेतले सगळे शिक्षक एकदम पंख्याकडे बघायला लागले. रविकांत सरांचा हात मात्र प्रश्न पुरा व्हायच्या आतच वर गेला होता. आयुष्यभर भूगोल शिकवणाऱ्या या माणसाचा धंद्याशी काय संबंध, असं मॅडमना वाटलं. त्यांना काय ठाऊक! रविकांत सरांना जन्मात एकदा तरी दुकानात बसायचं होतं.

लहानपणी त्यांच्या घरासमोर एक किराणा दुकान होतं. दुकानदार कागदाची पुडी करायचा, वरून लोंबणारा दोरा तिच्याभोवती गरगर फिरवायचा, झटक्यात तोडायचा आणि म्हणायचा, "आणखी काय देऊ?" जगात याहून ऐटीचं वाक्य नाही, असं पाचवीतल्या रविकांतचं मत झालं. ते त्यानं घरी सांगितलं. वडील महादेवराव वकील, आजोबाही वकील. "दुकान? आपल्या घरात?" महादेवराव एवढंच म्हणाले आणि अपील तिथेच फेटाळलं गेलं. रविकांत शिक्षक झाला, चांगला शिक्षक झाला. पण किराणा आणायला गेला की पिशवी भरल्यावरही त्याचा पाय दुकानातून निघत नसे.

क्लब निघाला. नववीतली आकांक्षा अध्यक्ष झाली. मुलं दोन प्रकारचा चिवडा करायची. एक तळलेला कांदा घातलेला, पोह्यांचा. दुसरा बटाट्याच्या किसाचा, उपासाचा. शनिवारी शाळा सुटली की फाटकाजवळ टेबल लागायचं. पारदर्शक पाकिटं, मशीननं बंद केलेली, वर छापील नाव. सर हळूच टेबलामागच्या खुर्चीकडे सरकायचे.

"सर, तुमी मार्गदर्शक ना," आकांक्षा म्हणायची. "गल्ल्यावर आमी बसतो. तुमी सावलीत बसा."

सर सावलीत बसायचे. क्लब निघाल्यापासून त्यांच्या पिशवीत जुनी वर्तमानपत्रं आणि दोऱ्याचं रीळ होतं. घरी दार लावून ते डाळीच्या पुड्या बांधायचे. त्या सुटायच्या. डाळ वेचून ते पुन्हा बांधायचे. पन्नाशीतल्या माणसाला असली तहान कुणाला सांगताही येत नाही.

शेवटी देव पावला. चतुर्थीच्या शनिवारी मुलांना स्नेहसंमेलनाच्या तालमीला बोलावलं.

"सर, अर्धा तास सांभाळा," आकांक्षा काळजीनं म्हणाली. "पाकिटं द्याची, पैसे घ्याचे. बाकी कायलेच हात लावू नका."

ती वळली मात्र, सरांनी कात्री काढली. सगळी पाकिटं फोडून चिवडा वर्तमानपत्रात बांधला. उपासाच्या पुड्या डावीकडे, कांद्याच्या उजवीकडे, अगदी शिस्तीत. मग त्यांच्या लक्षात आलं, की दुकानदाराची पाठ भिंतीला हवी आणि तोंड रस्त्याला. त्यांनी टेबल आणि पुड्या तशाच ठेवून खुर्ची पलीकडे नेली, तिच्यात बसले, आणि भरून पावले. डावं ते आता उजवं झालं होतं, हे भूगोलाच्या शिक्षकाला समजू नये, एवढा तो आनंद मोठा होता.

गणपतीच्या देवळाकडे निघालेली माणसं थबकली. पहिलं गिऱ्हाईक खुद्द महादेवराव. मुलाच्या तोंडाकडे न बघता त्यांनी उपासाची पुडी घेतली, चाचपली आणि म्हणाले, "गाठ सैल आहे."

सरांनी ते वाक्य म्हणायला तोंड उघडलं, पण नजर आधी त्या गाठीकडे गेली. मान वर करेपर्यंत वडील बाजूला सरकले होते. पुढच्याला म्हणावं, तर मागून चार हात एकदम आले. "मले दोन द्या सर, उपासाच्या." "मलेबी." पुड्या भराभर संपल्या आणि वाक्य पोटातच राहिलं.

थोड्याच वेळात उपासाची पुडी नेलेले खुशालराव परत आले. हातात रिकामा कागद.

"सर, चतुर्थीच्या दिवशी कांदा खाऊ घातला तुमी मले! काहून असं केलं?"

त्यांच्यामागे आणखी माणसं जमली. आकांक्षा तालमीतून धावत आली. पलीकडे गेलेली खुर्ची, फोडलेली पाकिटं बघून तिनं कपाळाला हात लावला. "सर, हे काय करून ठेवलं?" चारुशीला मॅडम आल्या. "क्लब आजपासून बंद," त्या म्हणाल्या. सर खुर्चीतून उठले. अर्ध्या तासाचं दुकान होतं, तेही बुडालं. त्यांना खरोखर रडू येत होतं.

"एक मिनिट, मॅडम." महादेवराव गर्दीतून पुढे झाले. "खुशालराव, कांदा कितव्या घासाला लागला?"

"पयल्याच."

"मग पुडी कोणी संपवली?"

खुशालरावांनी कागदाकडे पाहिलं. गर्दीतल्या तीन-चार जणांनी आपापले कागद खिशात घातले.

"चिवडा चांगला होता ना?"

"तसा... झकास होता."

"अजाणता खाल्लं त्याला दोष नाही. जाणून संपवलं ते ज्याचं त्यानं गणपतीला सांगावं. पुढच्या शनिवारी उपासाची पुडी लाल दोऱ्यानं बांधू."

लोक हसले. मॅडमही हसल्या. क्लब वाचला. आकांक्षानं हळूच विचारलं, "आजोबा, तुमीबी पूर्ण खाल्ली का?"

"वकिलाची उलटतपासणी करू नये," महादेवराव म्हणाले.

"बांधू" म्हणजे कोण बांधणार, हे त्या गडबडीत सरांनी विचारलंच नाही. पुढच्या शनिवारी ते लवकर आले, तर पाठ भिंतीला लावून टेबलामागे महादेवराव बसलेले. अंगात कोर्टातला काळा कोट. वर झाडाला लाल आणि पांढरी अशी दोन रिळं टांगलेली.

"आमीच बोलावलं," आकांक्षा म्हणाली. "तक्रार घेऊन कोणी येनारच नाई आता. सर, तुमी रांगेत या."

सर रांगेत उभे राहिले. वडिलांची बोटं चालत होती. कागदाची घडी, दोऱ्याचे दोन वेढे, झटका. एकही पुडी सैल नाही. सर बघतच राहिले.

"बाबा, हे कुठे शिकलात?"

"घरातल्या माझ्या ऑफिसची खिडकी कुठे उघडायची? समोरच्या दुकानावर. पक्षकारांना वाटायचं, वकीलसाहेब केसचा विचार करून राहिले." त्यांनी मान वर केली नाही. "मी पण एकदा माझ्या बाबांना दुकानाचं विचारलं होतं. चौथीत."

महादेवरावांनी लाल दोरा तोडला, पुडी त्यांच्या हातात ठेवली आणि डोळे वर करून ऐटीत विचारलं, "आणखी काय देऊ?"

सरांनी पुडी छातीशी धरली. खरं तर त्यांना आणखी काही नको होतं.

"आणखी एक बांधा, बाबा," ते म्हणाले. "सावकाश बांधा."

"सर, मांगं रांग हाय," आकांक्षा म्हणाली.