प्रकरण चौथे : मनुष्यबळ

उद्योगखात्यात त्याला सगळे ‘भाषाप्रभू’ म्हणत, आणि ते काही निव्वळ कौतुकानं नव्हे. परदेशी गुंतवणूकदारांसाठी प्रांताची माहितीपुस्तिका लिहिणं हे त्याचं काम. प्रांतात कोळसा होता, पोलादाच्या भट्ट्या होत्या, नदी होती आणि नदीच्या मुखाशी बंदर होतं; जे नव्हतं ते भाषाप्रभू पुरवत असे. उत्तरेच्या खाणपट्ट्यात धुरामुळे सूर्य धड दिसत नसे, तिथलं ऊन पुस्तिकेत ‘सौम्य’ होतं. तिथल्या नळांना दिवसाआड पाणी येई, त्यावर ‘येथील लोक पाण्याची किंमत जाणतात’ असं त्यानं लिहून ठेवलं होतं. स्वतः तो त्या भागात एकदाच गेला होता आणि पुढचा आठवडाभर खोकत होता.

घोळ झाला तो चौथ्या प्रकरणात. जमीन, खनिजं आणि वीज ही पहिली तीन प्रकरणं आकड्यांनी गच्च भरली होती. साहेब म्हणाले, “मनुष्यबळाच्या प्रकरणात जरा जीव ओता. आकडे वाचून पाहुणे पेंगायला लागतात.” जीव ओतायला भाषाप्रभूच्या माहितीचं एकच घर होतं, स्वतःचं. पण आहे तसं लिहायची त्याला सवय नव्हती. त्यानं लिहिलं : ‘या प्रांतात सासू आणि सून एकमेकींच्या सल्ल्याने घर चालवतात. घरात असा सलोखा असल्यामुळे स्त्रिया निश्चिंत मनाने कारखान्यात काम करू शकतात.’

त्या वेळी त्याची आई आणि बायको महिनाभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. बायकोनं नवा पडदा लावला, आई म्हणाली डावीकडे उतरलाय. बायको म्हणाली पडदा सरळ आहे, भिंत वाकडी आहे. तेव्हापासून जो अबोला धरला तो धरला. घरातला सगळा व्यवहार भाषाप्रभूमार्फत चाले, आणि निरोप पोचवताना त्याची भाषा गोड करून देण्यात त्याची अर्धी संध्याकाळ जाई.

पुस्तिका छापून झाली आणि विजेची घरगुती उपकरणं बनवणाऱ्या एका परदेशी कंपनीची मालकीणबाई प्रांत पाहायला आली. दुसऱ्याच दिवशी साहेबांनी भाषाप्रभूला आत बोलावलं.

“कोळसा सगळीकडे असतो, म्हणतायत. बंदरही बघायचं नाही. त्यांना चौथ्या प्रकरणातलं घर बघायचंय. कारखान्यात बायकाच घेणार आहेत ना. कुणाचं घर आहे ते?”

“सरासरी घर आहे, साहेब.”

“सरासरीला पत्ता असतो का?”

“तसं... माझंच म्हणा.”

“उत्तम. उद्या संध्याकाळी घेऊन जा. आणि हे बघा, बाईंनी शेजारच्या प्रांताची वाट धरली, तर खाणपट्ट्यातल्या आपल्या कचेरीत एक खुर्ची रिकामी आहे. ऊन सौम्य आहे तिथलं, तुम्हीच लिहिलंय.”

घरी येऊन त्यानं ही बातमी दोनदा सांगितली, एकदा बाहेरच्या खोलीत आणि एकदा स्वयंपाकघरात. बायकोनं चौथं प्रकरण उभ्यानंच वाचलं.

“हे कुणाचं घर आहे?”

“आपलं. म्हणजे थोडं नीटनेटकं करून लिहिलंय.”

“त्यांना सांगा,” ती बाहेरच्या खोलीला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, “एक संध्याकाळ गोड बोलायला माझी ना नाही.”

“तिला सांग,” बाहेरून उत्तर आलं, “मी गोडच बोलते. ऐकणाऱ्याचा कान कडू आहे.”

बदलीच्या भीतीनं म्हणा किंवा त्याच्या चेहऱ्याकडे बघून म्हणा, दोघी तयार झाल्या. दुसऱ्या दिवशी मालकीणबाई आणि दुभाषीबाई सोफ्यावर बसल्या आणि घरात साखर सांडू लागली. “आई, तुम्ही बसा, चहा मी आणते.” “नको गं, तू दिवसभर राबतेस.” “राबते कसली, तुमचंच तर बघून शिकले.” मालकीणबाई मान डोलावत होत्या आणि हळूच मनगटावरच्या घड्याळाकडे बघत होत्या. आपलं गद्य माणसांच्या तोंडी इतकं खोटं वाटतं, हे भाषाप्रभूला पहिल्यांदाच कळत होतं.

निघायच्या बेतात बाईंनी पिशवीतून आपल्या कंपनीचा टेबलावरचा दिवा काढला आणि भेट म्हणून आईच्या हातात ठेवला. आईनं तो टेबलावर मांडला, दोन पावलं मागे सरकली आणि डोळे बारीक केले. भाषाप्रभूनं डोळे मिटले.

“मान डावीकडे कललीय याची.”

“मान सरळ आहे,” बायको म्हणाली. “आतला स्क्रू सैल असणार.”

“सैल का असेना, दिसतंय वाकडं. आणि हे बटण बघ. दाबायला पैलवान बोलवायचा का?”

“दाखवा इकडे.” बायकोनं स्वयंपाकघरातून सुरी आणली आणि पाहुण्यांसमोरच दिव्याची तळपट्टी उघडली. “स्प्रिंग उलटी बसवलीय. थांबा, मधे बोलू नका.”

“मी बोलणार. वायर कोपऱ्यापर्यंत पोचत नाही.”

“मग ती काय मी ताणून लांब करू?”

“ताणू नकोस. पण आखूड आहे एवढं मान्य कर.”

“आखूड आहे. झालं?”

इतक्या दिवसांचं साठलेलं बोलणं एकदम वाहू लागलं. दिव्यावरून गाडी पडद्यावर गेली, पडद्यावरून भिंतीवर, भिंतीवरून बायकोच्या माहेरच्या भिंतींवर आली. दुभाषीबाई भाषाप्रभूकडे झुकल्या. “हे सगळं सांगू?”

“सांगा, दोघींची सल्लामसलत चाललीय.”

मालकीणबाईंनी ते ऐकलं आणि बरंच काही बोलल्या. दुभाषीबाईंनी घसा साफ केला. “त्या म्हणतात, त्यांच्या घरीही सल्लामसलत अशीच होते. पण त्यांना शब्द न् शब्द हवाय.”

मग शब्द न् शब्द गेला. भाषाप्रभू मनातल्या मनात खाणपट्ट्यासाठी ट्रंक भरू लागला. तोवर बायकोनं दिवा पुन्हा जोडला होता, बटण एका बोटानं लागत होतं, आणि आई म्हणत होती की आता मान ठीक आहे, पण रंग काही बरा नाही.

“त्या म्हणतात,” दुभाषीबाई सांगू लागल्या, “की त्यांचे पगारी तपासनीस प्रत्येक दिवा छान आहे म्हणतात आणि दुकानातून दिवे परत येतात. इथं एक चूक काढते, दुसरी भांडत भांडत ती दुरुस्त करते. कारखाना आणखी वेगळा काय असतो?”

करार झाला. कोळशाच्या उशाशी वीज स्वस्त आणि हवामानही उत्तम, असं पुस्तिकेतच लिहिलेलं असल्यामुळे बाईंनी कारखान्यासाठी खाणपट्टा निवडला. पाठोपाठ घरी दोन नेमणुका आल्या, आई तपासणी विभागात आणि बायको दुरुस्तीत. राहायला दोघींना मिळून एक घर.

“अगं, तिथं धूळ आहे,” भाषाप्रभू म्हणाला.

“ऊन सौम्य आहे ना पण?” बायको म्हणाली.

“आणि पाण्याची किंमत आम्ही जाणतो,” आई म्हणाली.

दोघी गेल्या. भाषाप्रभूला वाटलं होतं, आता घर शांत होईल. झालंही. त्या शांततेत त्याला जेवण जाईना. फोन केला की पलीकडून दोघी एकाच वेळी बोलत, तेही एकमेकींशी, कुठल्यातरी मिक्सरच्या झाकणाबद्दल. “तिला सांग” असं त्याला आता कुणी म्हणत नव्हतं. त्याला फार एकटं वाटलं. महिना कसाबसा काढून तो साहेबांसमोर उभा राहिला.

“साहेब, माझी बदली करा. खाणपट्ट्यात.”

“वेडे आहात का? तिथं आम्ही शिक्षा म्हणून पाठवतो. तुमच्या चौथ्या प्रकरणानं कारखाना आणला. वरून शाबासकी आलीय. पुढची पुस्तिकाही तुम्हीच लिहायची. तुम्हाला आम्ही कसे सोडू?”

“पण शिक्षा व्हायची तर मला काय करावं लागेल, तेवढं तरी सांगा.”

साहेबांनी बराच विचार केला. माणूस कामाचा होता, आणि त्याचा चेहराही उतरला होता.

“असं करा,” ते शेवटी म्हणाले, “नव्या पुस्तिकेत एकदा सगळं खरं लिहून बघा.”

भाषाप्रभू जागेवर आला, कोरा कागद पुढे ओढला आणि जन्मात पहिल्यांदा एकही शब्द न खोडता लिहीत सुटला.