पांढरीपांड्यांचा इंग्रजी अर्ज

"आता इंग्रजीतच देतो अर्ज. बघ, दोन दिवसांत माणसं दारात उभी राहतात की नाही," नरहर पांढरीपांडे बायकोला, मंगलाबाईंना, म्हणाले.

बोलण्यात जोर होता, पण तो उसना होता. नागपूर सोडून भोपाळच्या कारखान्यात स्टोअर्समध्ये लागल्याला त्यांना सव्वीस वर्षं झाली होती, आणि टाउनशिपच्या मेंटेनन्स ऑफिसातून काम करवून घेणं अजून जमलेलं नव्हतं. वरच्या क्वार्टरचा पाण्याचा पाइप महिनाभर गळत होता. ते पाणी खाली पांढरीपांड्यांच्या मधल्या खोलीत, नेमकं मुलीच्या, सुचेताच्या टेबलाशेजारी पडत होतं. सुचेताला अमेरिकेत एमएस करायचं होतं. त्यासाठीची जीआरई परीक्षा दहा दिवसांवर आली होती, तीही दिल्लीला जाऊन द्यायची. तीन हजार इंग्रजी शब्द घोकायचे, आणि प्रत्येक शब्दामागे बादलीत टप्. नरहरपंत तीनदा मेंटेनन्स ऑफिसातल्या वहीत तक्रार लिहून आले. तिथले बाबू सक्सेनाजी तिन्ही वेळा म्हणाले, "हो जाएगा, पांडेजी." आडनावासारखं कामही ते अर्धं गिळून टाकत.

अर्ज सुचेताने लिहिला. नवा शब्द वापरल्याशिवाय डोक्यात राहत नाही, असं तिचं म्हणणं होतं. नरहरपंतांना त्यातलं 'रिस्पेक्टेड सर' सोडून फारसं काही कळलं नाही.

"हे एफ्लुअंट म्हणजे काय गं?"

"बाहेर वाहून येणारं पाणी, बाबा."

"आणि पर्निशस?"

"घातक."

"घातक जरा जास्त नाही का होत?"

"माझ्या अभ्यासाला घातकच आहे ते."

हे त्यांना पटलं. सही करून ते अर्ज देऊन आले.

माणसं खरंच दोन दिवसांत आली. पण ती प्लंबर नव्हती. कारखान्यात एफ्लुअंट या शब्दाचा अर्थ एकच, रसायनाचं सांडपाणी. ते घातक असल्याचं अर्जात वाचून सक्सेनाजींनी तो कागद त्याच दुपारी आपल्या टेबलावरून प्रयोगशाळेकडे ढकलला होता. नरहरपंत ड्यूटीवर होते, मंगलाबाई भाजीला बिट्टन मार्केटला गेल्या होत्या. दारात बाटल्या घेतलेले दोघे उभे.

"एफ्लुअंट कहाँ है?" एकाने विचारलं.

सुचेताला बरं वाटलं. आठ महिन्यांत पाठ केलेल्या शब्दांपैकी एखादा दुसऱ्याच्या तोंडून ती पहिल्यांदाच ऐकत होती. तिने मान वर न करता बादलीकडे बोट दाखवलं आणि पुढचा शब्द घोकायला घेतला.

त्या बादलीत मंगलाबाईंनी नीळ कालवलेली होती. गळणारं पाणी फुकट कशाला घालवा, म्हणून नवऱ्याचे पांढरे शर्ट त्या हल्ली त्यातच बुडवत.

दुसऱ्या दिवशी सकाळी अख्ख्या ब्लॉकचं पाणी बंद झालं. नमुना निळा निघाला होता. पुढचा आदेश येईपर्यंत अठरा क्वार्टर्सना टँकर. रांगेतल्या प्रत्येकाला हे कुणाच्या अर्जामुळे झालं ते ठाऊक होतं. ज्यांचा पाइप गळत होता त्या वरच्या कमलिनीबाई जिन्यात थांबून म्हणाल्या, "भावजी, आमचं पाणी विषारी आहे, हे आधी आम्हाला सांगायचं होतंत." नरहरपंत दोन बादल्या सांभाळत भिंतीला चिकटून उभे राहिले. गळती मात्र थांबली होती. पाइपात पाणीच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी इंजिनिअर मिश्रासाहेबांनी बोलावलं. नरहरपंत पुरावा म्हणून निळीची पुडी खिशात आणि सुचेताची शब्दांची वही बगलेत घेऊन गेले.

"सच बताइए," साहेब डोळे चोळत म्हणाले, "ये एफ्लुअंट क्यों लिखा?"

"बेटी ने लिखा, साहब. परीक्षा की तैयारी कर रही है. ये देखिए, वही में अर्थ भी दिया है. और नीला जो था, वो नील थी."

पुडीकडे साहेबांनी पाहिलंच नाही. वहीचं एक पान उलटलं, मग दुसरं. बराच वेळ ते वाचत राहिले. शेवटी त्यांनी समोरची फाइल मिटली.

"हमारा लड़का भी यही दे रहा है, मार्च में. उसके तो दो सौ शब्द भी नहीं हुए."

तासाभरात पाणी आलं. दुपारी प्लंबर आला, वर जाऊन पाइपाचा वायसर बदलला आणि पंधरा मिनिटांत परत गेला. संध्याकाळी नरहरपंत घरी आले, पंख्याखाली बसले, चहा मागितला. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा टाउनशिपमधलं एक काम त्यांच्या शब्दावर झालं होतं.

सुचेता टेबलाखाली, गादीखाली काहीतरी शोधत होती.

"बाबा, माझी वही?"

"साहेबांकडे आहे. मुलासाठी मागितली गं. नाही कसं म्हणणार? पाणी त्यांच्या हातात होतं."

"परत कधी देणार?"

"शुक्रवारी नक्की, म्हणाले. भला माणूस आहे."

मंगलाबाई चहाचा कप घेऊन दारातच थांबल्या.

"बाबा," सुचेता म्हणाली, "परीक्षा गुरुवारी आहे."